प्राकृत हृल्लेख : त्याची घडण, वाचन आणि मर्यादा

हृदयाचे कार्य बाहेरून जाणून घेण्याचे मार्ग दीर्घकाळ दोनच होते. मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहणे हा एक, आणि छातीस कान लावून ठोके ऐकणे हा दुसरा. या दोन्ही मार्गांनी कळते ते हृदयाच्या आकुंचनाचे फलित. परंतु प्रत्येक आकुंचनाच्या किंचित आधी हृदयाच्या स्नायूंतून एक विद्युत् घटना घडून जाते आणि तीच आकुंचनास प्रेरणा देते. ती बोटांस जाणवत नाही व कानांस ऐकू येत नाही. तिची नोंद कागदावर उमटवून घेण्याच्या पद्धतीस विद्युत् हृल्लेखन म्हणतात, आणि उमटलेल्या वक्ररेषेस विद्युत् हृल्लेख. व्यवहारात हाच लेख 'ईसीजी' किंवा 'कार्डिओग्राम' या नावाने ओळखला जातो.

तालुक्याच्या गावातील दवाखान्यातही आज हा लेख काही मिनिटांत काढला जातो आणि 'नॉर्मल आहे' एवढा एक शब्द घेऊन रुग्ण घरी परततो. या शब्दाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. निरोगी माणसाच्या लेखात रोग वाचला गेल्याची उदाहरणे घडतात, आणि सर्वसामान्य दिसणाऱ्या लेखावर विसंबून गंभीर दुखणे दुर्लक्षिले गेल्याचीही घडतात. दोन्ही प्रमादांचे मूळ एकच आहे. लेखातील आकृती डोळ्यांस परिचयाची होते, पण ती कशामुळे उमटली हे ध्यानात राहत नाही. म्हणून प्राकृत, म्हणजे सर्वसामान्य निरोगी हृदयाच्या लेखाची घडण मुळापासून समजून घेणे अगत्याचे ठरते.

उपकरणाचा पूर्वेतिहास

मानवी हृदयातील विद्युत् बदल शरीर न उघडता, केवळ त्वचेवरून नोंदवता येतात, हे प्रथम दाखवले ऑगस्टस वॉलर या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने. लंडन येथील सेंट मेरीज रुग्णालयात त्याने १८८७ मध्ये पारा भरलेल्या केशनलिकेच्या विद्युत्‌मापकाने ही नोंद केली. वॉलरचा जिमी नावाचा बुलडॉग जातीचा कुत्रा या प्रयोगांमुळे प्रसिद्धीस आला. मिठाच्या पाण्यात पंजे बुडवून तो शांतपणे उभा राहत असे आणि प्रेक्षकांसमोर त्याच्या हृदयाचा लेख उमटत असे. मात्र पाऱ्याचे हे उपकरण मंद होते. हृदयातील बदल होऊन गेल्यावर पारा मागाहून हलत असल्यामुळे मिळणारी रेषा वास्तवाहून बोथट असे.

ही उणीव दूर करण्याचे श्रेय विलेम आइंटहोव्हेन या डच शास्त्रज्ञाकडे जाते. त्याचा जन्म १८६० मध्ये जावा बेटावरील सेमारांग येथे झाला आणि पुढे तो हॉलंडमधील लायडेन विद्यापीठात शरीरक्रियाविज्ञानाचा प्राध्यापक झाला. प्रारंभी त्याने पाऱ्याच्या उपकरणाचा दोष गणिताने दुरुस्त केला आणि १८९५ मध्ये दुरुस्त केलेल्या वक्ररेषेतील तरंगांस पी, क्यू, आर, एस व टी अशी नावे दिली. वर्णमालेच्या मधली अक्षरे घेतल्याने दोन्ही बाजूंस नव्या तरंगांसाठी जागा राहिली. टी-तरंगानंतर कधी कधी दिसणाऱ्या लहान उंचवट्यास पुढे यू हे नाव सहज देता आले ते यामुळेच.

१९०१ मध्ये त्याने आपल्या तंतु-गॅल्व्हानोमीटरची माहिती प्रसिद्ध केली. प्रबळ विद्युत्‌चुंबकाच्या ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्‌झचा अतिसूक्ष्म तंतू ताणलेला असे. हृदयातून आलेला क्षीण प्रवाह तंतूतून गेला की तंतू बाजूस सरके, आणि त्याची छाया सरकत्या प्रकाशग्राही पट्टीवर उमटे. या यंत्राचे वजन सुमारे २७० किलोग्रॅम होते, आणि ते चालवण्यास पाच माणसे लागत. रुग्ण आपले हात व डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. एवढे अवजड यंत्र रुग्णालयात नेणे शक्य नसल्याने आइंटहोव्हेनने सुमारे दीड किलोमीटर अंतरावरील रुग्णालय व आपली प्रयोगशाळा टेलिफोनच्या तारेने जोडली, आणि रुग्ण तिकडे असताना त्यांचे लेख इकडे घेतले. या कार्याबद्दल १९२४ मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. आजची यंत्रे हातात मावण्याइतकी लहान झाली आहेत, पण तरंगांची नावे आणि हातापायांवरून नोंद घेण्याची रीत त्याचीच आहे.

विद्युत् प्रेरणेचा मार्ग

हृदयाच्या स्नायूची प्रत्येक पेशी विश्रांतीच्या अवस्थेत विद्युत् दृष्ट्या ध्रुवित असते. पेशीच्या आतील बाजू बाहेरच्या मानाने ऋण असते, आणि निलयाच्या पेशींत हा फरक सुमारे ९० मिलिव्होल्ट भरतो. पेशी उद्दीपित झाली की सोडियमचे धनभारित आयन वेगाने आत शिरतात व हा फरक नाहीसा होऊन क्षणभर उलटतोही. या क्रियेस विध्रुवण म्हणतात. नंतर मुख्यत: पोटॅशियमचे आयन बाहेर पडून पेशी पूर्वस्थितीस येते, ते पुनर्ध्रुवण होय. एका पेशीचे विध्रुवण शेजारच्या पेशीस उद्दीपित करते. अशा रीतीने एक लाट स्नायूतून पुढे सरकत जाते. हृल्लेख म्हणजे या लाटांची शरीराच्या पृष्ठभागावर पडलेली छाया होय.

ही लाट स्नायूत वाटेल तशी पसरत नाही, तिला आखलेला मार्ग आहे. उजव्या अलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याच्या भिंतीत, ऊर्ध्व महाशिरा जेथे उघडते त्या जागी कोटर-अलिंद गाठ असते. आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये तिचे वर्णन केले. ही गाठ बाहेरच्या प्रेरणेवाचून स्वत:च ठरावीक कालाने उद्दीपित होते, म्हणून तिला हृदयाची गतिकारक म्हणतात. येथे उगम पावलेली लाट दोन्ही अलिंदांतून पसरते आणि अलिंद-निलय गाठीपाशी येते. या गाठीचा शोध जपानी संशोधक सुनाओ तावारा याने जर्मनीतील मारबुर्ग येथे काम करीत असताना लावला व १९०६ मध्ये प्रसिद्ध केला.

अलिंदे व निलये यांच्यामध्ये विद्युत् रोधक असा तंतुमय पडदा असतो. निरोगी हृदयात या पडद्यातून पलीकडे जाण्याची वाट एकच, आणि ती याच गाठीतून जाते. गाठीत लाटेचा वेग एकदम मंदावतो व सुमारे एक दशांश सेकंद विलंब होतो. हा विलंब उपकारक आहे, कारण तेवढ्या अवधीत अलिंदे आकुंचन पावून आपले रक्त निलयांत लोटू शकतात. गाठ ओलांडल्यावर लाट हिसच्या तंतुगुच्छात शिरते, त्याच्या उजव्या व डाव्या शाखांतून खाली उतरते, आणि पर्किंजे तंतूंच्या जाळ्यातून निलयांच्या आतल्या अस्तरापर्यंत पोहोचते. पर्किंजे तंतूंत तिचा वेग सेकंदास दोन ते चार मीटर असतो, तर सामान्य स्नायूत तो एक मीटरहूनही कमी असतो. त्यामुळेच निलयांचा एवढा मोठा स्नायुभार जवळजवळ एकाच वेळी आकुंचन पावतो.

कागद आणि त्यावरील चौकटी

लेख ज्या पट्टीवर उमटतो तिच्यावर एक मिलिमीटरचे लहान चौकोन छापलेले असतात, आणि दर पाच मिलिमीटरांवर ठळक रेघ असते. पट्टी सेकंदास २५ मिलिमीटर या वेगाने सरकते. म्हणून आडव्या दिशेत एक लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद व एक मोठा चौकोन म्हणजे ०.२० सेकंद होय. उभ्या दिशेत दहा मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. लेखाच्या कडेस जी आयताकृती खूण असते ती याच मापाची असते. ती दहा मिलिमीटर उंच आहे की नाही, हे प्रथम पाहिले पाहिजे. यंत्र अर्ध्या मापावर ठेवले असेल तर सर्व तरंग निम्मे दिसतील, आणि वेग ५० मिलिमीटर केला असेल तर सर्व अंतरे दुप्पट भासतील. मोजण्याची पट्टीच चुकीची असेल तर पुढील सारे वाचन व्यर्थ ठरते.

ठोक्यांची गती काढण्याची रीत सोपी आहे. लागोपाठच्या दोन आर-तरंगांत मोठे चौकोन किती, हे मोजून त्या संख्येने ३०० ला भागावे. चार चौकोन असतील तर मिनिटास ७५ ठोके. अधिक अचूकतेसाठी लहान चौकोन मोजून १५०० ला भागावे.

एकाच घटनेची बारा दर्शने

नव्या वाचकास सर्वांत गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे एकाच हृदयाचे बारा निरनिराळे दिसणारे लेख. येथे एक दाखला उपयोगी पडेल. देवळाभोवती प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसास प्रत्येक बाजूने शिखर वेगळे दिसते, तरी देऊळ एकच असते. हृल्लेखातील 'लीड' म्हणजे पाहणाऱ्याची अशी एकेक जागा होय. येथे नियम एकच लागू होतो : विध्रुवणाची लाट ज्या धन अग्राच्या दिशेने येते त्याच्या लेखात रेषा वर जाते. ती दूर जात असेल तर रेषा खाली जाते. लाट आडवी निघून गेली तर तरंग लहान, किंवा वर-खाली सारखा उमटतो.

यांपैकी सहा लीड हातापायांवरील अग्रांपासून मिळतात. लीड १ उजव्या हाताकडून डाव्या हाताकडे पाहते, लीड २ उजव्या हाताकडून डाव्या पायाकडे, आणि लीड ३ डाव्या हाताकडून डाव्या पायाकडे. उजव्या पायावरील अग्र फक्त यंत्राच्या स्थैर्यासाठी असते. आइंटहोव्हेनच्या या तीन लीडांत एक गणिती नाते आहे : कोणत्याही क्षणी लीड १ व लीड ३ यांच्या दाबांची बेरीज लीड २ इतकी असते. लीड १ मध्ये तरंग ६ मिलिमीटर व लीड ३ मध्ये ४ मिलिमीटर असेल, तर त्याच क्षणी लीड २ मध्ये तो १० मिलिमीटर असलाच पाहिजे. एव्हीआर, एव्हीएल व एव्हीएफ ही आणखी तीन दर्शने गोल्डबर्गरने १९४२ मध्ये प्रचारात आणली. एव्हीआर ही उजव्या खांद्याकडून पाहते. लाट तिच्यापासून दूर जात असल्यामुळे तिच्यातील सर्व प्रमुख तरंग उलटे असतात, आणि हे उलटेपण प्राकृतच आहे.

उरलेली सहा, व्ही-१ ते व्ही-६, छातीवरील अग्रांपासून मिळतात. व्ही-१ व व्ही-२ ही अग्रे चौथ्या व पाचव्या बरगडीमधील जागेत उरोस्थीच्या अनुक्रमे उजव्या व डाव्या कडेस लावतात. व्ही-४ चे स्थान एक जागा खाली, हासळीच्या हाडाच्या मध्यातून उतरणाऱ्या रेषेवर. व्ही-३ हे व्ही-२ व व्ही-४ यांच्या मधोमध येते. व्ही-५ व व्ही-६ ही व्ही-४ च्याच पातळीत, काखेच्या पुढील व मधल्या रेषेवर असतात. हातापायांची लीडे हृदयाकडे समोरच्या उभ्या प्रतलात पाहतात, तर छातीची लीडे आडव्या छेदात. दोहोंचा मेळ घातल्यावर हृदयातील लाटेचे त्रिमित चित्र उभे राहते.

तरंगांचा अर्थ

पी-तरंग हा अलिंदांच्या विध्रुवणाचा होय. लाट उजवीकडून डावीकडे व वरून खाली जात असल्यामुळे लीड १ व लीड २ मध्ये तो वर, आणि एव्हीआरमध्ये खाली असतो. अलिंदांच्या भिंती पातळ असल्याने तो बुटका व गोलसर असतो. त्याची उंची अडीच मिलिमीटरच्या आत व रुंदी तीन लहान चौकोनांच्या, म्हणजे ०.१२ सेकंदाच्या आत असावी. विशेष हे की कोटर-अलिंद गाठीचे स्वत:चे उद्दीपन लेखात मुळीच दिसत नाही, कारण ती गाठ फारच लहान आहे. तिचे अस्तित्व पी-तरंगाच्या दिशेवरून अनुमानाने जाणावे लागते.

पी-तरंगाच्या आरंभापासून क्यूआरएस-संकुलाच्या आरंभापर्यंतच्या काळास पीआर-अंतर म्हणतात. प्रौढ माणसात ते ०.१२ ते ०.२० सेकंद, म्हणजे तीन ते पाच लहान चौकोन असते. यातील पी-तरंगानंतरचा सपाट भाग वरवर पाहता रिकामा वाटतो. वस्तुत: लाट त्या वेळी अलिंद-निलय गाठीतून, हिसच्या तंतुगुच्छातून व त्याच्या शाखांतून प्रवास करीत असते. उद्दीपित होणारा ऊतींचा भाग इतका अल्प असतो की त्वचेवर त्याचा मागमूस लागत नाही. हृल्लेखातील शांतता म्हणजे हृदयातील निष्क्रियता नव्हे, हा महत्त्वाचा धडा येथे मिळतो.

क्यूआरएस-संकुल निलयांच्या विध्रुवणाचे चित्र आहे. त्याचे तीन टप्पे ध्यानात घेतले की निरनिराळ्या लीडांतील त्याची रूपे आपोआप उलगडतात. प्रथम दोन निलयांमधील पडदा उद्दीपित होतो, आणि त्यातील लाट डावीकडून उजवीकडे जाते. म्हणून उजवीकडे असलेल्या व्ही-१ मध्ये आरंभी लहानसा आर-तरंग उमटतो, आणि त्याच क्षणी डावीकडील व्ही-६ मध्ये लहानसा क्यू-तरंग दिसतो. नंतर दोन्ही निलयांच्या भिंती एकाच वेळी आतून बाहेर उद्दीपित होतात. डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या सुमारे तिप्पट जाड असल्याने परस्परविरुद्ध लाटांत डावीचा जय होतो. परिणामी व्ही-६ मध्ये उंच आर-तरंग आणि व्ही-१ मध्ये खोल एस-तरंग येतो. अखेरीस निलयांचा मुळाकडील वरचा भाग उद्दीपित होतो व डावीकडील लीडांत लहानसा एस-तरंग उमटू शकतो. छातीवरून व्ही-१ पासून पुढे जावे तसतसा आर-तरंग वाढत जातो, आणि साधारणत: व्ही-३ किंवा व्ही-४ मध्ये तो एस-तरंगाहून मोठा होतो. हा क्रमिक विकास प्राकृत लेखाचे एक प्रमुख लक्षण आहे. संपूर्ण संकुलाची रुंदी तीन लहान चौकोनांपेक्षा कमी, बहुधा दोन ते अडीच चौकोन असते. अरुंद संकुलाचा अर्थ असा की लाट पर्किंजे तंतूंच्या राजमार्गाने आली आहे. रुंद संकुल सांगते की एखादी शाखा बंद आहे, किंवा प्रेरणा निलयातच कोठेतरी आडवाटेने उगम पावली आहे.

संकुल संपल्यापासून टी-तरंग सुरू होईपर्यंतचा भाग एसटी-खंड होय. या काळात निलयांच्या पेशी जवळजवळ सारख्याच उद्दीपित अवस्थेत असतात. त्यांच्यात फरक नसल्याने प्रवाह वाहत नाही, आणि रेषा मूळ पातळीवर राहते. स्नायूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की ही समानता मोडते व खंड वर उचलला जातो किंवा खाली दबतो. हृदयविकाराच्या झटक्यात वैद्याची नजर प्रथम याच भागाकडे जाते ती यामुळे. तरीही निरोगी पुरुषांत व्ही-२ व व्ही-३ मध्ये हा खंड दीड-दोन मिलिमीटरपर्यंत वर असणे असामान्य नाही.

टी-तरंग निलयांच्या पुनर्ध्रुवणाचा आहे. येथे एक कोडे उद्भवते. विध्रुवण व पुनर्ध्रुवण या विद्युत् दृष्ट्या परस्परविरुद्ध क्रिया असल्याने क्यूआरएस वर असेल तेथे टी खाली असावयास हवा. प्रत्यक्षात लीड १, लीड २ व व्ही-४ ते व्ही-६ मध्ये दोन्ही वरच असतात. याचे कारण असे की जो भाग शेवटी उद्दीपित होतो तो आधी पूर्वस्थितीस येतो. विध्रुवण आतून बाहेर जाते, पुनर्ध्रुवण बाहेरून आत येते. क्रिया उलट व दिशाही उलट, म्हणून रेषेची बाजू तीच राहते. पुनर्ध्रुवण मंद गतीने होत असल्यामुळे टी-तरंग रुंद असतो, आणि त्याची चढण सावकाश व उतरण तुलनेने तीव्र असते. एव्हीआरमध्ये तो उलटा असतो. व्ही-१ मध्येही तो बहुधा उलटा आढळतो, व तेथे तसा असणे दोष नव्हे.

क्यूआरएसच्या आरंभापासून टी-तरंगाच्या अखेरपर्यंतचे क्यूटी-अंतर म्हणजे निलयांच्या एकूण विद्युत् कार्याचा काळ. हृदयाची गती वाढली की ते आखडते, म्हणून त्याची तुलना करण्यापूर्वी गतीची दुरुस्ती करावी लागते. बाझेट याने १९२० मध्ये सुचवलेल्या सूत्राप्रमाणे मोजलेल्या क्यूटीस दोन आर-तरंगांमधील काळाच्या वर्गमूळाने भागतात. उत्तर पुरुषांत सुमारे ०.४५ व स्त्रियांत सुमारे ०.४६ सेकंदापेक्षा अधिक नसावे. काही औषधांनी हे अंतर वाढते आणि घातक तालबिघाडाचा संभव निर्माण होतो. म्हणून तरंगांच्या आकाराइतकेच या मोजमापासही महत्त्व आहे.

वाचनाचा क्रम : एक उदाहरण

अनुभवी वैद्य लेख हाती येताच निदान करताना दिसतो, पण त्याच्या मनातही एक ठरलेला क्रम असतो. माप, गती, ताल, अक्ष, अंतरे, आणि मग तरंगांचे आकार, असा तो क्रम सांगता येईल. समजा, चाळिशीतील एका व्यक्तीचा लेख समोर आहे. मापाची खूण दहा मिलिमीटर भरते. दोन आर-तरंगांत वीस लहान चौकोन आहेत, म्हणजे गती १५०० भागिले २०, अर्थात ७५. सामान्यत: विश्रांतीत ही गती ६० ते १०० च्या दरम्यान असते. प्रत्येक पी-तरंगामागून एक क्यूआरएस येतो, प्रत्येक क्यूआरएसच्या आधी एक पी असतो, आणि लीड २ मध्ये पी वर आहे. यावरून ताल कोटर-अलिंद गाठीचाच आहे हे ठरते.

अक्ष म्हणजे निलयांच्या लाटेची सरासरी दिशा. लीड १ मध्ये संकुल ६ मिलिमीटर वर व लीड २ मध्ये १० मिलिमीटर वर आहे. या दोन्हींत संकुल वर असले की अक्ष प्राकृत कक्षेत, म्हणजे उणे ३० ते अधिक ९० अंशांच्या दरम्यान असतो. पीआर-अंतर चार चौकोन, म्हणजे ०.१६ सेकंद. क्यूआरएस दोन चौकोन, म्हणजे ०.०८. क्यूटी नऊ चौकोन, म्हणजे ०.३६ सेकंद. दोन ठोक्यांतील काळ ०.८० सेकंद असल्याने बाझेटच्या सूत्राने दुरुस्त केलेले क्यूटी सुमारे ०.४० येते. छातीच्या लीडांत आर क्रमाने वाढतो, एसटी-खंड मूळ रेषेवर आहे, आणि टी अपेक्षित लीडांत वर आहे. एवढे पाहून झाल्यावरच हा लेख प्राकृत आहे असे म्हणण्याचा अधिकार वाचणाऱ्यास प्राप्त होतो.

निरोगी असूनही वेगळे

प्राकृत ही एक रेषा नसून तिला विस्तार आहे. तरुणांत श्वास आत घेताना ठोके जलद व सोडताना मंद होतात, त्यामुळे लेख अनियमित भासतो. परंतु पी-तरंगाचा आकार बदलत नाही, आणि ही अनियमितता आरोग्याचीच खूण आहे. नियमित व्यायाम करणाऱ्या खेळाडूंची गती विश्रांतीत मिनिटास पन्नासच्याही खाली असू शकते. लहान मुलांत व्ही-१ ते व्ही-३ मधील टी-तरंग उलटा असणे स्वाभाविक आहे. म्हणून व्यक्तीचे वय, व्यवसाय व तक्रार समजल्यावाचून लेखाचा अर्थ लावणे सयुक्तिक नव्हे. त्याच व्यक्तीचा जुना लेख उपलब्ध असेल तर त्याशी केलेली तुलना कोणत्याही कोष्टकाहून अधिक बोलकी असते.

काही दोष हृदयाचे नसून लेख घेण्याच्या पद्धतीचे असतात. दोन्ही हातांच्या तारांची अदलाबदल झाली तर लीड १ मधील पी, क्यूआरएस व टी तिन्ही उलटे होतात व एव्हीआर वर दिसू लागते. हृदय उजवीकडे असलेल्या दुर्मीळ व्यक्तींतही लीड १ अशीच दिसते. परंतु त्यांच्या छातीच्या लीडांत आर-तरंग वाढण्याऐवजी घटत जातो, तर तारांच्या चुकीत तो नेहमीप्रमाणे वाढतो. या एका पाहणीने दोहोंतील भेद कळतो. व्ही-१ ते व्ही-३ ची अग्रे एक-दोन बरगड्या वर लावली गेली तर आर-तरंगाची वाढ खुंटलेली दिसते, आणि जुन्या झटक्याचा खोटा संशय येतो. थंडीने वा भीतीने रुग्ण कापत असेल तर रेषा दंतुर होते. विजेच्या तारांचा प्रभाव पडल्यास आपल्याकडील प्रवाहाच्या वारंवारतेप्रमाणे सेकंदास पन्नास बारीक कंपने उमटतात. अशा वेळी औषधयोजना करण्यापूर्वी लेख पुन्हा काढणे हाच उपाय होय.

लेख काय सांगत नाही

हृल्लेख हृदयाच्या विद्युत् कार्याची नोंद करतो. हृदय किती जोमाने रक्त लोटते, झडपा नीट मिटतात की नाही, हृद्‌रोहिण्यांत किती अडथळा आहे, यांची उत्तरे त्यातून सरळ मिळत नाहीत. त्यांसाठी प्रतिध्वनिचित्रण व इतर तपासण्या आहेत. रोहिणी बरीच अरुंद झालेली असली तरी विश्रांतीत स्नायूस पुरेसे रक्त मिळत असते, आणि त्या वेळचा लेख सर्वस्वी प्राकृत असू शकतो.

दुसरी मर्यादा काळाची आहे. हृदय दिवसातून एक लाखाहून अधिक वेळा स्पंद पावते, आणि सामान्य लेखात त्यांतील केवळ दहा-पंधरा स्पंद टिपले जातात. मधूनच येणारी धडधड लेख काढतेवेळी नसेल तर ती त्यात सापडणार नाही. चालत्या-फिरत्या माणसाच्या हृदयाची दीर्घकाळ नोंद घेण्याची नॉर्मन होल्टर याची पद्धती १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली, ती याच अडचणीतून मार्ग काढण्यासाठी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की हृदयविकाराच्या झटक्याच्या पहिल्या तासांत काढलेला लेखही प्राकृत असू शकतो. छातीत दाटून येणारी कळ, हातात किंवा जबड्यात पसरणारी वेदना, घाम, अस्वस्थता ही लक्षणे असताना 'लेख चांगला आहे' म्हणून रुग्णास परत धाडणे धोक्याचे आहे. अशा प्रसंगी थोड्या थोड्या वेळाने लेख पुन:पुन्हा काढून त्यांची परस्परांशी तुलना करतात, आणि रक्तातील ट्रोपोनिन या प्रथिनाची तपासणी करतात. येथे रुग्णाच्या तोंडचे शब्द कागदावरील रेषेपेक्षा अधिक मोलाचे ठरतात. आजची यंत्रे लेखाबरोबर निदानही छापून देतात. ते साहाय्यभूत असले तरी अंतिम मानता येत नाही, कारण तारा उलट लागल्या आहेत किंवा समोरचा माणूस वेदनेने कळवळत आहे याची यंत्रास खात्रीने कल्पना नसते.

सारांश, प्राकृत हृल्लेखाचा अर्थ एवढाच की त्या काही क्षणांत विद्युत् प्रेरणा योग्य ठिकाणी उगम पावली, योग्य वाटेने गेली, आणि योग्य वेळात निलयांत पोहोचून ओसरली. हा अर्थ मर्यादित आहे, पण क्षुल्लक नाही. एका गाठीपासून हृदयाच्या टोकापर्यंतचा, एका सेकंदाहून कमी काळात पुरा होणारा हा प्रवास वाचकाच्या मन:चक्षूंपुढे उभा राहिला, तर पाच अक्षरांचे तरंग पाठ करण्याची गरज उरत नाही. प्रत्येक तरंगाची दिशा, उंची व रुंदी त्या प्रवासातूनच ताडता येते, आणि ताडलेल्याहून वेगळे काही दिसले की वाचणारा थांबून कारण शोधू लागतो. शास्त्रीय वाचनास आरंभ होतो तो तेथूनच.